शिरेतील नळी आणि रक्ताची गुठळी

रुग्णालयात दाखल असलेल्या मुलाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, तर तिचे कारण बहुतेक वेळा त्याच शिरेत घातलेली नळी असते. प्रौढांना पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याची कारणे पुष्कळ असतात: मोडलेले हाड, मोठे ऑपरेशन, बाळंतपण, महिनोन्महिने अंथरुणाला खिळणे, वाढते वय. काही वेळा तर कारणच सापडत नाही. मुलांमध्ये अशी कारणाविना झालेली गुठळी फार क्वचित दिसते. नवजात बाळांतील शिरांच्या गुठळ्यांपैकी नऊ-दशांशांहून अधिक नळीशी जोडलेल्या असतात, आणि त्यापुढच्या वयातही निम्म्याहून अधिक. त्यामुळे प्रौढांच्या वैद्यकातले ठोकताळे मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. मुलाचा आजार, त्याचे वय, त्याच्या रक्ताचा स्वभाव यांवर कोणाचा इलाज चालत नाही. पण नळी कोणती, किती जाड, कोणत्या शिरेत आणि किती दिवस, हे माणसे ठरवतात. मुलांमधल्या गुठळीच्या धोक्याचा मोठा भाग या ठरवण्यात असतो.

सलाईन लावण्यासाठी हाताच्या पाठीवर बसवतात ती छोटी प्लॅस्टिकची सुई, जिला वॉर्डात सगळे व्हेनफ्लॉन म्हणतात, ती येथे अभिप्रेत नाही. तिने शीर सुजते, लाल होते, दुखते. पण तिच्यामुळे झालेली गुठळी बहुधा वरवरच्या बारीक शिरेपुरती राहते. खरा प्रश्न सेंट्रल लाइनचा आहे. मानेतल्या, गळपट्टीच्या हाडामागच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेतून घातलेली ही नळी हृदयाजवळच्या महाशिरेपर्यंत नेतात. दंडातल्या शिरेतून बारीक, लांब नळी आत सरकवत तिथवर पोहोचवली, तर तिला पिक लाइन म्हणतात. कर्करोगाच्या उपचारांसाठी महिनोन्महिने नळी लागणार असेल, तर ती छातीच्या कातडीखालून बोगदा करून आणतात किंवा कातडीखाली छोटी डबी बसवतात. आणि जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाच्या नाळेतली शीर उघडी असते, तिच्यातूनही नळी घालता येते.

या नळ्यांनी वाचवलेल्या जिवांची मोजदाद नाही. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या कोपरातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत घातली आणि क्ष-किरण विभागात चालत जाऊन तिचा फोटो काढून घेतला. त्या कामासाठी १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९४७ मध्ये बॉस्टनमध्ये लुई डायमंड यांनी कावीळ झालेल्या नवजात बाळांचे रक्त बदलण्यासाठी नाळेच्या शिरेत प्लॅस्टिकची नळी वापरली. १९६८ मध्ये फिलाडेल्फियात डग्लस विल्मोर आणि स्टॅन्ली डड्रिक यांनी आतड्यात जन्मजात दोष असलेल्या एका मुलीला केवळ शिरेतून अन्न देऊन वाढवता येते, हे दाखवून दिले. एक किलोच्या आतले बाळ जगते, हृदयाच्या दोषावर पहिल्या आठवड्यातच ऑपरेशन होते, रक्ताचा कर्करोग झालेले मूल शाळेत परत जाते. या साऱ्यामागे कुठे ना कुठे अशी एक नळी असते.

पण याच प्रगतीबरोबर गुठळ्याही वाढल्या. कॅनडात मॉरीन अँड्र्यू यांच्या पुढाकाराने मुलांतील गुठळ्यांची देशव्यापी नोंदवही ठेवली गेली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या निष्कर्षांत एक महिना ते १८ वर्षे वयाच्या दर १०,००० दाखल मुलांमागे ५.३ जणांना खोल शिरेची किंवा फुप्फुसातली गुठळी आढळली होती. अमेरिकेतील बालरुग्णालयांच्या नोंदींत २००१ मध्ये हे प्रमाण १०,००० मागे ३४ होते, २००७ मध्ये ५८ झाले. दोन्ही देशांच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने कॅनडा आणि अमेरिका यांची थेट तुलना करणे बरोबर नाही. अमेरिकेतील सहा वर्षांची वाढ मात्र एकाच पद्धतीने मोजलेली आहे. तपासण्या सुधारल्याने पूर्वी न दिसणाऱ्या गुठळ्या दिसू लागल्या, हे तिचे एक कारण. दुसरे कारण असे की पूर्वी जी मुले दगावत, ती आता वाचतात आणि अतिदक्षता विभागात अधिक दिवस राहतात.

गुठळी का होते, याचे मूळ स्पष्टीकरण रुडॉल्फ फिर्खो यांच्या १८५६ च्या लेखनापाशी नेले जाते आणि ते आजही टिकून आहे. रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्त गोठण्याकडे झुकणे, या तीन गोष्टी जितक्या एकत्र येतात तितका धोका वाढतो. नळी पहिल्या दोन गोष्टी स्वतःबरोबर घेऊनच येते. सुई शिरेला भोक पाडते, नळीचे टोक प्रत्येक श्वासाबरोबर शिरेच्या भिंतीला घासते, तिच्यातून जाणारे औषध अस्तराला पोळते. शिवाय नळी परकी वस्तू असल्याने आत गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच तिच्यावर फायब्रिन या गोठवणाऱ्या प्रथिनाचे पातळ आवरण चढते. हे आवरण जवळपास प्रत्येक नळीवर असते आणि बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही. ते वाढून शिरेच्या भिंतीला चिकटले किंवा त्याने नळीचे तोंड बुजवले की अडचण सुरू होते. तिसरी गोष्ट, रक्ताचा झुकाव, मुलाच्या आजारातून येते. त्यामुळे अतिदक्षता विभागातल्या मुलात तिन्ही गोष्टी एकत्र सापडणे हे नेहमीचेच आहे.

आकाराचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण मुलांचा धोका प्रौढांपेक्षा वेगळा ठरतो तो येथेच. नळीची जाडी फ्रेंच या मापात मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. चार फ्रेंचची नळी सुमारे १.३ मिलिमीटर जाड असते. प्रौढाच्या मानेतल्या १२ मिलिमीटर रुंद शिरेत ती घातली, तर शिरेच्या रुंदीचा जेमतेम नववा हिस्सा अडतो. तीच नळी नवजात बाळाच्या जांघेतल्या तीन मिलिमीटरच्या शिरेत घातली, तर ४४ टक्के रुंदी तिनेच व्यापलेली असते. उसाला पाणी देणाऱ्या अरुंद पाटात लांबलचक बांबू पडला की पाणी दोन्ही कडांना घासत, रेंगाळत पुढे सरकते, तसे रक्ताचे होते. अरुंद जागेतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह जागेच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने घटतो. निम्मी रुंदी अडली म्हणजे निम्मे रक्त वाहते, असे मानणे चुकीचे आहे. प्रत्यक्षात ते पुष्कळच कमी वाहते. म्हणून नळीचा व्यास शिरेच्या व्यासाच्या ४५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा संकेत प्रौढांच्या अभ्यासांतून रूढ झाला. अनेक तज्ज्ञ तर एक-तृतीयांशाचाच आग्रह धरतात, आणि मुलांच्या बाबतीत ही कडक मर्यादाच शहाणपणाची वाटते. नळी घालण्याआधी सोनोग्राफीच्या यंत्रावर शीर मोजायला दोन मिनिटे लागतात.

एकाच नळीत दोन किंवा तीन वाटा असल्या की औषधे वेगवेगळी देता येतात, रक्त काढता येते, परिचारिकांचे काम सोपे होते. पण प्रत्येक जादा वाट नळीची जाडी वाढवते. लागलीच तर असू द्यावी म्हणून घेतलेली तिसरी वाट अनेकदा शेवटपर्यंत वापरली जात नाही, तरी शिरेतली जागा मात्र तिने अडवलेली असते.

कोणती शीर निवडली यालाही महत्त्व आहे. मुलांमध्ये जांघेतल्या आणि गळपट्टीच्या हाडामागच्या शिरेत घातलेल्या नळ्यांना मानेतल्या नळीपेक्षा अधिक गुठळ्या होतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. छातीच्या वरच्या भागात डावी बाजू उजवीपेक्षा जोखमीची असते, कारण डावीकडून हृदयाकडे जाणारी वाट लांब आणि वळणाची आहे. नळीचे टोक महाशीर हृदयाला मिळते त्या रुंद जागी असावे लागते. ते अलीकडच्या अरुंद भागात राहिले, तर तीव्र औषध थेट शिरेच्या भिंतीवर पडत राहते. एका टोचणीत नस मिळणे आणि चार-पाच ठिकाणी सुई फिरवून मिळणे, यांत अस्तराच्या इजेचा मोठा फरक असतो. सोनोग्राफीत पाहत नळी घालण्याचा हा एक मोठा फायदा आहे. नळी कशाची बनली आहे, याचाही परिणाम होतो. पूर्वीच्या पॉलिव्हिनिल क्लोराइडच्या ताठ नळ्यांपेक्षा पॉलियुरेथेन आणि सिलिकोनच्या मऊ नळ्या रक्ताला कमी डिवचतात.

पिक लाइन दंडातून, बहुतेकदा भूल न देता घालता येते आणि मोठी शीर फोडावी लागत नाही, म्हणून ती सौम्य पर्याय समजली जाते. गुठळीच्या बाबतीत हा समज खरा ठरलेला नाही. अमेरिकेतील १,७४२ मुलांच्या पाहणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे ६ टक्के नळ्यांना गुठळी झाली. आणि कातडीखालून बोगद्याने आणलेल्या नळ्यांच्या तुलनेत पिक लाइनचा धोका साडेआठपट निघाला. कारण उघड आहे: दंडातली शीर मुळातच बारीक, नळी लांब, आणि हात सतत हलता. याच पाहणीत आधी कधी गुठळी झालेली मुले, एकाहून अधिक वाटांची नळी असलेली मुले आणि रक्ताचा कर्करोग असलेली मुले अधिक जोखमीची आढळली. गुठळी झालेल्या नळीत जंतुसंसर्गही जास्त दिसला. ही दोन संकटे एकमेकांना पोसतात. गुठळीत जंतूंना आसरा मिळतो, आणि जंतूंमुळे उठलेला दाह रक्ताला गोठायला लावतो. ज्या नळीतून पुन्हा पुन्हा ताप येतो, तिच्या टोकाशी गुठळी आहे का हे पाहिलेच पाहिजे.

नळीतून काय जाते, हेही विसरता येत नाही. साखरेचे दाट द्रावण, पोटॅशियम, कॅल्शियम, शिरेतून द्यायचे संपूर्ण पोषण आणि कर्करोगाची काही औषधे अस्तराला चटका देतात. आतडे काम करू लागताच तोंडाने किंवा नाकातल्या नळीने दूध सुरू करणे हा पोषणाचा उपाय आहे, तसाच गुठळी टाळण्याचाही आहे. आईचे दूध चढत्या प्रमाणात पचू लागले की नळी काढण्याचा दिवस जवळ येतो.

वयाच्या दृष्टीने गुठळ्यांची दोन शिखरे दिसतात: एक जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत आणि दुसरे किशोरवयात. नवजात बाळाचे रक्त प्रौढांच्या रक्तापेक्षा वेगळे असते. गोठवणारे अनेक घटक त्यात कमी असतात आणि गोठणे रोखणारेही कमी असतात. त्यांतले अँटिथ्रॉम्बिन तर प्रौढांच्या साधारण निम्मेच असते. निरोगी बाळात दोन्ही पारडी समतोल राहतात, पण गंगाजळी थोडी असते. जंतुसंसर्ग झाला, श्वास कोंडला, पाणी कमी पडले, की तोल लगेच ढळतो, आणि तो रक्तस्रावाकडे ढळेल की गुठळीकडे, हे आधी सांगणे कठीण असते. हा विषय १९८० च्या दशकात अँड्र्यू यांनीच हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात पायाशुद्ध मांडला.

नाळेच्या शिरेतली नळी या वयात सर्वांत सोयीची असते. टोचणी नाही, शीर शोधणे नाही, घाईच्या क्षणी काही मिनिटांत वाट मिळते. पण ती शीर यकृतातून जाते. टोक यकृताच्या पलीकडे, हृदयाच्या उंबरठ्यावर पोहोचले तर ठीक. ते यकृताच्या आत किंवा आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेत वळले, तर तेथे गुठळी होऊ शकते. अशी गुठळी त्या वेळी कोणाच्या लक्षातही येत नाही. बाळ बरे होऊन घरी जाते, वाढते, शाळेत जाऊ लागते, आणि एके दिवशी अचानक भांडेभर रक्ताची उलटी करते. पोटात प्लीहा वाढलेली असते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटलेल्या असतात. पोर्टल शीर बंद होण्याचा हा आजार भारतातल्या मुलांतील रक्ताच्या उलटीच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. त्याच्या सर्वच रुग्णांत नाळेची नळी कारण नसते. नाळेचा जंतुसंसर्ग आणि इतर कारणेही असतात, आणि पुष्कळांत कारण सापडत नाही. तरीही नाळेत नळी घातल्यावर क्ष-किरण फोटोत किंवा सोनोग्राफीत टोकाची जागा पाहणे, आणि ती चुकीची असेल तर नळी तशीच न ठेवणे, याला पर्याय नाही. नाळेच्या शिरेतली नळी कितीही चांगली चालली तरी १४ दिवसांपलीकडे ठेवू नये, असा दंडक आहे. नाळेच्या रोहिणीत नळी असेल, तर पायाची बोटे पांढरी, निळी वा काळपट पडत आहेत का, याकडे प्रत्येक पाळीत पाहावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यात या प्रश्नाला आणखी दोन अंगे आहेत. एक हवामानाचे. एप्रिल-मेमध्ये सोलापूर जिल्ह्याचा पारा चाळिशी ओलांडतो. पहिलटकरीण माहेरी बाळंत झालेली असते, दूध नीट उतरलेले नसते, पत्र्याच्या खोलीत बाळ तापते, सुस्तावते आणि सुस्त बाळ दूध ओढत नाही. चार-पाच दिवसांत त्याचे वजन बरेच घटते आणि रक्तातले सोडियम चढते. घट्ट झालेल्या अशा रक्तात मूत्रपिंडाच्या किंवा मेंदूच्या शिरेत नळी नसतानाही गुठळी होऊ शकते. मग नळी घालावी लागली तर धोका दोन्ही अंगांनी येतो. लघवीत रक्त दिसणे आणि कुशीत गाठ लागणे ही मूत्रपिंडाच्या शिरेच्या गुठळीची खूण आहे. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन करणे आणि लघवी किती वेळा होते हे मोजणे, हे आशासेविकेच्या घरभेटीतले साधे काम येथे गुठळीविरुद्धचे पहिले पाऊल ठरते.

दुसरे अंग अंतराचे. अक्कलकोटचे ग्रामीण रुग्णालय आणि सोलापूर यांत सुमारे ४० किलोमीटर आहेत. गंभीर मूल १०८ च्या रुग्णवाहिकेने सोलापूरला जाते: शहरातल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे १९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, वाटेवरच्या कुंभारीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा खासगी बालरुग्णालयात. आळंद, अफझलपूर, इंडी या कर्नाटकातल्या तालुक्यांना लागून असलेल्या गावांतून काही जण कलबुर्गीकडे वळतात. निघण्यापूर्वी नस मिळवण्यासाठी दोन्ही हात, पाय आणि डोके टोचून झालेले असेल, तर मोठ्या रुग्णालयात हाताशी उरते ती बहुधा जांघ. म्हणून पाठवताना कोणत्या शिरा टोचल्या गेल्या, कुठे सूज आहे, किती द्रव दिला, हे चिठ्ठीवर लिहून देणे पुढच्या डॉक्टराला खरोखर उपयोगी पडते. हाडात सुई घालून काही तास द्रव देण्याची पद्धतही अशा वेळी मोठी शीर वाचवते.

मुलाच्या मूळ आजारांत हृदयाचे जन्मजात दोष सर्वांत वर येतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुले तपासतात, आणि त्यांत सापडलेल्या हृदयदोषांची ऑपरेशने सरकारी योजनांतून होतात. ऑपरेशननंतर मंद रक्तप्रवाह, दाह, अनेक नळ्या हे सारे एकत्र येते. ज्या मुलांच्या हृदयाचा एकच कप्पा नीट चालतो, त्यांच्यात पुढच्या ऑपरेशनात वरची महाशीर थेट फुप्फुसाच्या रोहिणीला जोडतात. त्या महाशिरेत गुठळी झाली तर पुढच्या ऑपरेशनाची वाटच बंद होऊ शकते, म्हणून अशा मुलांच्या मानेतल्या आणि दंडातल्या शिरांत शक्यतो नळी घालत नाहीत.

नेफ्रोटिक सिंड्रोम हा आजार गावोगावच्या डॉक्टरांना परिचित आहे: सकाळी उठताना मुलाचे डोळे सुजलेले, मग पाय, मग पोट. या आजारात प्रथिने लघवीवाटे वाहून जातात आणि त्यांच्याबरोबर अँटिथ्रॉम्बिनही जाते. रक्त दाट होते. सूज उतरवण्यासाठी लघवीचे औषध जोरात दिले तर आणखी दाट होते. अंग सुजलेले असल्याने हाताची नस सापडत नाही, आणि मग रक्त काढण्यासाठी जांघेतल्या शिरेत सुई घालण्याचा मोह होतो. हा मोह टाळायलाच हवा. नेफ्रोटिक मुलाच्या जांघेतल्या शिरेला टोचणे म्हणजे गुठळीला आमंत्रण, हे बालरोगतज्ज्ञांच्या शिक्षणात आवर्जून सांगितले जाते. उलट्या-जुलाबांनी असे मूल कोरडे पडले, तर काही तास थांबण्याचीही मुभा नसते.

रक्ताच्या कर्करोगावरील अॅस्पॅराजिनेज हे औषध यकृतात तयार होणारे अँटिथ्रॉम्बिन घटवते. त्याच वेळी स्टेरॉइड चालू असते आणि छातीत नळी असते. आजार, औषध आणि नळी अशी तिहेरी गाठ पडल्याने उपचारांच्या पहिल्या महिन्यांत धोका सर्वाधिक असतो. जंतुदोष, भाजणे, मोठी दुखापत, आतड्याचा दीर्घ दाह, कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि त्यासाठी मुलाला दिवसेंदिवस झोपवून ठेवणे, ही यादी अतिदक्षता विभागात रोजची आहे. किशोरवयात लठ्ठपणा आणि पाळीच्या तक्रारींसाठी दिलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या यांची भर पडते. दाखल मुलीला अशा गोळ्या चालू आहेत का, हे तिला आईवडिलांसमोर न विचारता वेगळे विचारावे लागते.

आनुवंशिक दोषांची चर्चा फार होते. प्रथिन सी, प्रथिन एस किंवा अँटिथ्रॉम्बिन जन्मतः कमी असणे आणि १९९४ मध्ये लायडनमध्ये सापडलेला फॅक्टर पाचचा बदल हे त्यांतले प्रमुख. युरोपीय वंशाच्या लोकांत तो बदल जितका आढळतो, तितका भारतात आढळत नाही. मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी या तपासण्या होतात. पण नळीमुळे झालेल्या पहिल्या गुठळीनंतर प्रत्येक मुलाला या महागड्या तपासण्यांतून नेण्याने उपचार क्वचितच बदलतात. घरात कमी वयात गुठळ्या झालेल्या असतील, किंवा गुठळी नळीविना झाली असेल, तर त्या करणे योग्य.

नळीच्या गुठळ्यांपैकी बहुतेकांची काहीच लक्षणे नसतात. लक्षणे दिसतात तेव्हा ती साधी असतात: एक हात किंवा पाय दुसऱ्यापेक्षा जाड होणे, त्याचा रंग निळसर किंवा लालसर होणे, मान व चेहरा सुजणे, छातीवर निळ्या शिरांचे जाळे उमटणे. नळीतून औषध जाते पण रक्त ओढता येत नाही, हीदेखील खूणच आहे. दोन्ही दंडांचा किंवा मांड्यांचा घेर टेपने मोजून रोज लिहिला, तर डोळ्यांना न दिसणारा फरक कागदावर दिसतो. एकाएकी धाप लागली, प्राणवायू घसरला तर गुठळी तुटून फुप्फुसात गेल्याची शंका घ्यावी लागते. हृदयाच्या पडद्यात छिद्र असेल, तर ती मेंदूतही जाऊ शकते. निदानासाठी डॉप्लर सोनोग्राफी पहिली. गळपट्टीच्या हाडाआडची शीर मात्र तिच्यात नीट दिसत नाही. तेथे सीटी किंवा एमआर तपासणी लागते. प्रौढांत उपयोगी पडणारी डी-डायमरची रक्ततपासणी मुलांत भरवशाची नाही.

सर्व मुलांना रक्त पातळ ठेवणारे औषध आधीच देऊन हा प्रश्न सुटेल, अशी आशा होती. ती आतापर्यंत पुरी झालेली नाही. हेपरिनसारख्या औषधाची चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात औषध दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत फरक दिसला नाही. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांत अॅपिक्साबॅन या औषधाच्या चाचणीतही एकूण फायदा सिद्ध झाला नाही. लठ्ठ मुलांना तो होत असावा असे दिसले. नवजात बाळाच्या नळीतून अगदी थोडे हेपरिन सतत सोडल्याने नळी चालू राहायला मदत होते. म्हणून निवडक, अतिजोखमीच्या मुलांनाच औषध द्यावे आणि बाकीच्यांत नळीकडे लक्ष द्यावे, हा आजचा मार्ग आहे. सकाळच्या राउंडला प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न विचारायचा: आज ही नळी लागते का? उत्तर नाही असेल तर ती त्याच दिवशी निघाली पाहिजे. उद्या पुन्हा नस सापडली नाही तर, या धास्तीने ठेवलेल्या नळ्याच पुष्कळ गुठळ्यांच्या मुळाशी असतात. ज्या विभागात हा प्रश्न विचारण्याचा अधिकार परिचारिकेलाही आहे, तेथे तो रोज विचारला जातो.

गुठळी झालीच, तर नळी ताबडतोब उपटणे हा नेहमीच योग्य उपाय नसतो. नळी चालू आहे आणि तिची गरज आहे, तर ती ठेवून औषध सुरू करता येते. नळी बंद पडली किंवा गरज संपली, तर आधी काही दिवस औषध देऊन मग ती काढतात, म्हणजे गुठळीचा तुकडा सुटण्याची भीती कमी होते. औषध म्हणून कातडीखाली द्यायचे एनॉक्सापॅरिन सर्वाधिक वापरले जाते. दोन महिन्यांखालच्या बाळाला वजनाच्या मानाने ते मोठ्या मुलाच्या दीडपट लागते. २०२० मध्ये रिव्हारोक्साबॅन या औषधाची मुलांतील मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि पातळ औषध तोंडाने देण्याची सोय झाली. गावी परतणाऱ्या कुटुंबासाठी दिवसातून दोनदा सुई टोचण्यापेक्षा हे फार सोपे आहे. किती दिवस, याचेही उत्तर २०२२ मध्ये मिळाले: तात्पुरत्या कारणाने झालेली गुठळी सहा आठवड्यांत पुरेशी विरघळत असेल, तर तीन महिने औषध देण्याने जास्त फायदा होत नाही.

गुठळी झालेल्या मुलांपैकी सुमारे एक-चतुर्थांशांना पुढे हातापायाला सूज, जडपणा, दुखणे असा त्रास राहतो. काहींच्या शिरा कायमच्या बंद होतात, आणि पुढच्या आजारात किंवा डायलिसिसच्या वेळी नळी घालायला जागा उरत नाही. हे सारे मूल घरी गेल्यावर, वर्षांनी उघड होते. तेव्हा पूर्वीची नळी कोणत्या शिरेत होती, हे सांगणारे कोणी नसते. अक्कलकोट परिसरात अनेक घरांत कन्नड बोलली जाते. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते आणि समजावणे मराठीत झालेले असते. म्हणून मुलाला घरी नेताना आईवडिलांनी डॉक्टरांकडून कार्डावर चार ओळी लिहून मागाव्यात: कोणत्या शिरेत नळी होती, कोणत्या बाजूला, किती दिवस, आणि गुठळी आढळली का. त्या ओळी आपल्या भाषेत वाचून, समजून घ्याव्यात. ते कार्ड रेशनकार्डाच्या जोडीला जपून ठेवावे, आणि पुढे मूल कोणत्याही दवाखान्यात दाखल झाले की सलाईन लावण्याआधी ते डॉक्टरांसमोर ठेवावे.